वाळवंटाच्या वेळापत्रकाने: गोल्फच्या पहिल्या सहलीचा बेत

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं ॲरिझोनाला चाललो आहोत. मी, नवरा, आणि पुण्याहून येणारे दादा-वहिनी. भाचीचं पदवीदान मे महिन्यात अर्बाना-शॅम्पेनला आहे. ते दोघं आधीच येऊन आमच्याकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला राहणार आहेत, आणि मधल्या दिवसांत दादाला वाळवंटात गोल्फ खेळायचंय. वहिनी खेळत नाही, ती आर्किटेक्ट आहे. नवरा अकोल्याचा, त्यामुळे उन्हाचं त्याला कौतुक नाही आणि भीतीही नाही. बेत आखण्याचं काम माझ्याकडे आलं आणि हिवाळाभर मी त्यातच रमले आहे.

फीनिक्स-स्कॉट्सडेल परिसरात गोल्फ कोर्स इतके आहेत की नावांची यादी करत बसलं तर डोकं गरगरतं. इंटरनेटवर बहुतेक जण यादीपासूनच सुरुवात करतात: सगळ्यात नावाजलेले पाच कोर्स घ्यायचे, रोज एक उरकायचा. मला हे पटत नाही. सोनोरन वाळवंटात पहिल्यांदा जाताना आधी वाळवंटाचं वेळापत्रक समजून घ्यावं. ऊन कधी चढतं, गवत कधी बदलतं, पाणी कुठून येतं, साप कधी बाहेर पडतात. कोर्स त्यानंतर निवडावेत. आमचा बेत मी असाच केलाय.

ऋतूपासून सांगते. या भागातल्या फेअरवेंवर (चेंडू खेळत न्यायच्या हिरवळीच्या पट्ट्यांवर) उन्हाळ्यात बर्म्युडा गवत असतं, आपल्या हरळीच्याच घराण्यातलं. थंडी पडली की ते झोपी जातं, तपकिरी होतं. मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात कोर्स दोन-तीन आठवडे बंद ठेवून त्यावर राय गवताचं बी पेरतात, आणि टीव्हीवर जानेवारी-फेब्रुवारीत दिसतो तो झगझगीत हिरवा रंग या रायचा असतो. पेरणीनंतर काही आठवडे कार्ट फक्त सिमेंटच्या वाटेवरूनच न्यावी लागते. म्हणजे ऑक्टोबर बाद. डिसेंबर-जानेवारीत उत्तर स्कॉट्सडेलच्या उंच भागात पहाटे गवतावर हिम धरतं आणि ते वितळेपर्यंत पहिल्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात तिथे) थांबून राहावं लागतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला फीनिक्स ओपन ही व्यावसायिक गोल्फ स्पर्धा, तेव्हा हॉटेलं भरलेली. मार्चमध्ये बेसबॉलचा सराव हंगाम. अमेरिकेतले पंधरा व्यावसायिक संघ तेव्हा याच परिसरात मुक्कामाला असतात, आणि आमचे शिकागो कब्ज मेसा गावात, त्यामुळे अर्धं शिकागो तिथे लोटतं. दर आभाळाला भिडतात.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोर्स स्वस्त असतात, कारण तेव्हा खेळणं म्हणजे पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत संपवणं. फीनिक्समध्ये २६ जून १९९० रोजी १२२ फॅरनहाइट, म्हणजे ५० सेल्सियस नोंदलं गेलं, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता. अकोल्याचा माणूसही यापुढे हात टेकतो.

भाचीच्या पदवीदानाने आम्हाला एप्रिलअखेर दिली आणि ती मला मनापासून आवडली. दुपारी साधारण ३२ सेल्सियस, पहाटे १७-१८. सूर्य पावणेसहाला उगवतो. मार्चची गर्दी ओसरलेली असते आणि दर उतरायला लागलेले असतात. शिवाय पालो व्हर्दे फुललेला असतो. या झाडाचं खोडसुद्धा हिरवं, पानं नसतानाही ते खोडातून अन्न तयार करतं, आणि वसंतात पिवळ्या फुलांनी अख्खं झाकून जातं. सवारो निवडुंगाला पहिली पांढरी फुलं याच सुमारास येऊ लागतात. रात्री उमलतात, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. हे बघायला मिळावं म्हणून तरी टी टाइम (खेळ सुरू करायच्या वेळा) पहाटेचे घेतलेत.

पहाटेचं आणखी एक कारण आहे. ॲरिझोनात (नवाहो नेशन, म्हणजे नवाहो आदिवासींचा प्रदेश, सोडला तर) घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत. त्यामुळे एप्रिलमध्ये फीनिक्स शिकागोच्या दोन तास मागे आणि भारताच्या साडेबारा तास मागे असतं. आमची जाग तिथल्या चारलाच येणार. दादा तोवर शिकागोत थोडा रुळलेला असेल, पण त्याचंही शरीर पहाटेच टुणटुणीत असेल. हे बळ वाया का घालवायचं? साडेसहाला पहिला चेंडू मारायचा, साडेदहा-अकराला सावलीत यायचं.

आता वाळवंटातला गोल्फ वेगळा कसा, ते. दादाला हे फोनवर समजावताना मला बराच वेळ लागला. पुण्याला येरवड्याच्या कोर्सवर तो खेळतो तिथे फेअरवे चुकला तर चेंडू झाडाखाली जातो, उंच गवतात जातो, पण सापडतो. कॅडीची, म्हणजे बॅग वाहणाऱ्या सोबत्याची, नजर त्याच्यावर असतेच. स्कॉट्सडेलमध्ये टीपासून फेअरवेपर्यंत मध्ये नुसती रेती, दगड आणि काटे. फेअरवे संपला की परत तेच. यामागे सौंदर्यदृष्टी आहे तसा कायदाही आहे. १९८० मध्ये ॲरिझोनाने भूजलाच्या उपशावर नियंत्रण आणणारा कायदा केला. त्याखाली आलेल्या नियमांनी या परिसरातल्या नव्या अठरा होलच्या कोर्सला साधारण ९० एकर हिरवळीपुरतंच पाणी ठरवून दिलं. मग आखणी करणाऱ्यांनी हिरवळ फक्त चेंडू पडावा तिथेच ठेवली: टी, फेअरवेचा पट्टा, ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत). मधलं सगळं वाळवंटाचं वाळवंटाला सोडलं.

हे कळल्यावर दोन गोष्टी आपोआप ठरतात. पहिली म्हणजे कुठल्या टीवरून खेळायचं. वाळवंटात मागच्या टीवरून खेळणं म्हणजे दर होलला दीडशे-दोनशे यार्ड रेती ओलांडायची. एक साधा हिशेब आहे: पाच नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या क्लबने, म्हणजे काठीने) आपण जितके यार्ड मारतो त्याला ३६ ने गुणायचं, तितक्या लांबीचा कोर्स आपल्याला झेपतो. दादा पाच नंबरने १६० मारतो, म्हणजे सुमारे ५,७५० यार्ड. तो पुण्याच्या क्लबमध्ये याहून बरंच लांब खेळतो.

"अगं, मी पुढच्या टीवरून खेळू? लोक काय म्हणतील?"

"तिथे तुला कोण ओळखतं, दादा? आणि चेंडू किती आणशील बॅगेत?"

यावर तो हसला, पण ऐकलं. हे मी सगळ्यांनाच सांगेन. पुढच्या टीवरून दिसणारं वाळवंट तितकंच सुंदर असतं, आणि ते पाहायला मन मोकळं राहतं.

दुसरी गोष्ट, चेंडू वाळवंटात गेला तर काय करायचं. बरेच कोर्स फेअरवेबाहेरचं वाळवंट लाल खुणांच्या पेनल्टी एरियासारखं खेळू देतात. एक फटका दंड घ्यायचा, बाहेर चेंडू टाकायचा, पुढे चालायचं. पहिल्या टीवर स्टार्टरला (खेळ सुरू करून देणाऱ्या माणसाला) हे विचारून घ्यायचंच. दादाने विचारलं, निवडुंगाच्या बुंध्याला चेंडू टेकला तर फुकट सवलत मिळते का? नाही मिळत. नियम १६.२ मध्ये विषारी साप, मधमाश्या अशा धोकादायक प्राण्यांपासून विनादंड सुटका आहे, पण काटेरी झाडांसाठी नाही. निवडुंगाजवळचा चेंडू न खेळण्याजोगा जाहीर करायचा आणि एका फटक्याचा दंड सोसायचा.

आणि आमच्या चौघांपुरता माझा नियम याहून कडक आहे: झुडपात हात घालायचा नाही, चेंडू शोधायला आत जायचं नाही. रॅटलस्नेक साधारण मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर असतात, एप्रिलमध्ये तर नक्कीच. सकाळी उन्हाला येऊन दगडालगत पडलेले असतात आणि रंग मातीशी असा मिळतो की दिसत नाहीत. दुसरा धोका चोया निवडुंगाचा. लांबून टेडी बेअरसारखा मऊ दिसतो, पण नुसता स्पर्श झाला तरी त्याचा गोळा तुटून अंगाला चिकटतो आणि काट्यांना उलटे दाते असल्यामुळे हाताने ओढला की हातालाच चिकटतो. तिथले लोक जवळ कंगवा ठेवतात. कंगव्याने गोळा झटकायचा, उरलेले काटे चिमट्याने काढायचे. माझ्या बॅगेत दोन्ही आत्ताच पडलेत.

सवारोबद्दल मात्र भीती नाही, आदर वाटावा असं झाड आहे ते. दीडशे वर्षं, त्याहूनही जास्त जगतं. पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, कधी त्याहून अधिक. म्हणजे दोन-चार हात असलेला सवारो दिसला तर तो आपल्या पणजोबांच्या काळापासून तिथे उभा आहे असं समजायला हरकत नाही. राज्याच्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. कोर्स बांधतानाही परवानगी घेऊन सवारो मुळासकट हलवतात, दुसरीकडे लावतात. सुतारपक्ष्यांनी त्यात कोरलेल्या ढोलींमध्ये गोल्फचे चेंडू अडकलेले बऱ्याच कोर्सवर दिसतात. तसे फोटो लोक हौसेने काढतात, मला ते बघून वाईट वाटतं.

आता पाण्याविषयी. हा भाग मी सहज ओलांडून जाऊ शकत नाही, कारण माझं आजोळ लातूरचं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. लोकांना प्यायला पाणी नाही आणि मैदानांवर पाणी मारायचं, हा प्रश्न होता. एका मोसमातल्या मैदानाच्या पाण्याने लातूरची तहान भागली नसती असं तेव्हा काही जण म्हणाले, आणि हिशेबाने ते खरंही असेल. पण मामीच्या घरी नळाला थेंब नसताना तो हिशेब आमच्या घशाखाली उतरला नव्हता. असं आजोळ असणाऱ्या बाईने वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावी गोल्फ खेळायला जावं का? बेत करण्याआधी मी स्वतःला हे विचारलं आणि उत्तरासाठी बरंच वाचलं.

फीनिक्सच्या पाण्याचा मोठा वाटा सॉल्ट आणि व्हर्दे या नद्यांतून येतो आणि आणखी एक मोठा वाटा कोलोरॅडो नदीतून, ३३६ मैल लांबीच्या सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टच्या कालव्याने. कोलोरॅडो आटत चालली आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर इतिहासात पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्याला सुमारे १८ टक्के कात्री लागली. १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने शहराच्या हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्दे फुटहिल्स या वस्तीसाठी टँकर भरू देणं बंद केलं. पाचशेच्या आसपास घरं टँकरवर होती. त्या वर्षी पुढे कायदा करून त्यांची तात्पुरती सोय झाली, पण मधले महिने लोकांनी पावसाचं पाणी साठवून, कपडे दुसऱ्या गावी धुऊन काढले. वाचताना मला लातूरच आठवत होतं.

दुसरी बाजूही आहे. उत्तर स्कॉट्सडेलमधल्या वीसेक कोर्सना शहर प्रक्रिया केलेलं सांडपाणी देतं, आणि त्याच्या वाहिन्यांचा खर्च कोर्सनीच उचललेला आहे. उन्हाळ्यात ते पुरत नाही तेव्हा त्यात कालव्याचं पाणी मिसळावं लागतं, हेही खरं. काही कोर्सनी हिवाळी पेरणी कमी केली आहे. फक्त टी आणि फेअरवेवर राय, बाकी बर्म्युडा तपकिरी राहू द्यायचं. माझं मत असं झालं की जावं, पण डोळे उघडे ठेवून: कमी राउंड खेळावेत, पाणी कुठून येतं ते सांगणारे कोर्स निवडावेत, आणि तपकिरी गवत दिसलं तर पैसे वाया गेले म्हणू नये. गवत तपकिरी असलं की चेंडू उलट लांब घरंगळतो!

याच शोधात मला वी-को-पा सापडलं, आणि हा कोर्स आमच्या सहलीचा गाभा झाला.

स्कॉट्सडेलच्या पूर्वेला व्हर्दे नदीकाठी फोर्ट मॅकडॉवेल यावापाई नेशन या मूळनिवासी समाजाची भूमी आहे. वी-को-पा त्यांच्या मालकीचं. दोन कोर्स आहेत, चोया आणि सवारो. सवारो कोर्स बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीने आखला, २००६ मध्ये तो सुरू झाला. दोन्ही कोर्सवर फेअरवेच्या कडेला एकही घर नाही. उत्तर स्कॉट्सडेलमध्ये बऱ्याच ठिकाणी डावी-उजवीकडे बंगल्यांच्या भिंती आणि पोहण्याचे तलाव दिसत राहतात. इथे नजर थेट फोर पीक्स, सुपरस्टिशन आणि मॅकडॉवेलच्या डोंगरांपर्यंत जाते. फेअरवे रुंद आहेत आणि सवारो कोर्स पायी खेळता येतो. एक ग्रीन संपलं की पुढची टी जवळच. मी नेपरव्हिलला पार्क डिस्ट्रिक्टच्या कोर्सवर ढकलगाडी घेऊन चालतच खेळते, दादाला पुण्याला कॅडीबरोबर चालायची सवय. कार्टमध्ये बसलं की गोल्फ अर्धा राहतो असं आम्हा दोघांचंही मत. त्यामुळे ही निवड पक्की झाली.

पण मला ओढून घेतलं ते या जमिनीच्या इतिहासाने. सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा भाग म्हणून व्हर्दे आणि सॉल्ट या नद्यांच्या संगमाजवळ ऑर्म धरण बांधायचं घाटत होतं. ते झालं असतं तर यावापाईंची बहुतेक जमीन पाण्याखाली गेली असती. काहीशे माणसांचा समाज, त्यांना भरपाईची रक्कम देऊ केली होती. त्यांनी मतदान करून ती नाकारली. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये ते फोर्ट मॅकडॉवेलहून फीनिक्सपर्यंत पायी चालत गेले, आणि त्याच वर्षी सरकारने धरणाचा बेत सोडून दिला. पुढे १९९० मध्ये त्यांच्या पाण्याच्या हक्काचा वेगळा कायदा झाला. दर नोव्हेंबरला ते या विजयाचा उत्सव करतात.

कोयनेपासून उजनीपर्यंत धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते मी वेगळं सांगायला नको. बुडाली नाही अशी ही जमीन. त्यांनी ती राखली, आणि आता पाहुण्यांना तिथे खेळायला बोलावतात, त्याचे पैसे त्यांच्याकडे राहतात. माझी ग्रीन फी (खेळण्याचे पैसे) कुठे जावी हे मला ठरवता येतं, तर ती तिथे जावी असं मला वाटतं. वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मीपण येते त्या दिवशी. खेळत नाही, पण तुमच्याबरोबर चालेन." सोबत चालणाऱ्याला परवानगी आहे का ते कोर्सला फोन करून विचारायचं आहे.

बाकीच्या दिवसांचं थोडक्यात. शनिवार-रविवारी दर जास्त, म्हणून गोल्फ आठवड्याच्या दिवसांत ठेवलाय. शनिवारी शिकागोहून उडायचं, थेट विमान साधारण चार तासांचं. बहुतेक अमेरिकन विमान कंपन्या गोल्फची बॅग एक साधं सामान म्हणून धरतात, पण वजन २३ किलोच्या आत हवं. दादा आपले क्लब पुण्याहून आणतोय. माझ्या मते आणावेतच. वाळवंटात अनोळखी क्लबने अंतराचा अंदाज चुकतो. गाडी मात्र मोठी लागेल, तीन गोल्फ बॅगा आणि चौघांचं सामान साध्या सेदानमध्ये मावत नाही.

रविवार वहिनीचा. फ्रँक लॉइड राइटने १९३७ मध्ये मॅकडॉवेल डोंगराच्या पायथ्याशी टालिएसिन वेस्ट बांधायला घेतलं, हिवाळ्यात राहायला आणि विद्यार्थ्यांना शिकवायला. तिथलेच दगड लाकडी साच्यात रचून वर काँक्रीट ओतलेल्या त्या भिंती वहिनीला प्रत्यक्ष हाताशी बघायच्या आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने राइटच्या ज्या आठ वास्तू जागतिक वारशात घेतल्या त्यांत ही एक, आणि आमच्या शिकागोजवळचं ओक पार्कचं युनिटी टेंपल दुसरी. ते आम्ही आदल्या आठवड्यात दाखवणार. एका माणसाने थंड गावात काय बांधलं आणि वाळवंटात काय, हे लागोपाठ बघायला मिळेल. संध्याकाळी ऊन कललं की डेझर्ट बोटॅनिकल गार्डन. १९३९ पासूनची बाग आहे, झाडांवर नावं लिहिलेली. कोर्सवर जाण्याआधी कुठला चोया, कुठला पालो व्हर्दे, ते ओळखता यायला हवं, म्हणून ही बाग गोल्फच्या आधी.

सोमवारी पापागो. फीनिक्स शहराचा सार्वजनिक कोर्स, बिली बेलने आखलेला, १९६३ चा. बागेला लागूनच आहे. पापागो पार्कचे तांबडे खडक समोर, फेअरवे ऐसपैस, रेती ओलांडायची जबरदस्ती कमी. वाळवंटाच्या हवेची आणि टणक जमिनीची ओळख इथे करून घ्यायची. शिकागोत एप्रिलमध्ये चेंडू चिखलात रुततो. तिथे तो पडून उसळतो आणि पुढे पळतो, ग्रीनच्या अलीकडे टाकून आत घरंगळवावा लागतो. उंचीचा मात्र दादाला फायदा नाही: फीनिक्स समुद्रसपाटीपासून ३३० मीटरवर, पुणं ५६० वर. आम्हा इलिनॉयवाल्यांना कोरड्या, उबदार हवेने चार यार्ड जास्त मिळाले तर मिळाले.

कॅडी नसल्याचं दादाला फार वाटतंय. त्याचा पुण्याचा कॅडी त्याला पटची (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायच्या फटक्याची) रेषा सांगतो आणि दादा ती डोळे मिटून मानतो. मी त्याला सांगितलं, तिथले जुने खेळाडू एकच सांगतात: आधी डोंगर कुठे आहे ते बघ, चेंडू डोंगरापासून दूर वळतो, डोळ्यांना काहीही दिसो. डोंगराच्या पायथ्याची जमीन सगळीच एका बाजूला कललेली असते आणि आपल्या डोळ्यांना तो कल सपाट वाटतो.

मंगळवारी वी-को-पा, पहाटेची वेळ.

खाण्याचं नवऱ्याकडे. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेतलंय. कोरड्या हवेत घाम आला तरी लगेच सुकतो आणि आपण किती पाणी गमावतोय ते कळत नाही. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर लागते. त्यामुळे बाटल्यांत पन्हं. कैऱ्या इथूनच उकडून, गर डब्यात घालून न्यायच्या असं त्याने ठरवलंय. टोपी रुंद काठाची, बाह्या लांब, आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी.

राहिला बुधवार, आणि त्यावर भावा-बहिणीचं एकमत अजून झालेलं नाही. दादाला टीपीसी स्कॉट्सडेलचा स्टेडियम कोर्स खेळायचाय. फीनिक्स ओपन १९८७ पासून तिथे होते. सोळावा होल, १६३ यार्डांचा पार-३ (तीन फटक्यांत पुरा व्हावा असा), सभोवार हजारो माणसांचं स्टँड. १९९७ मध्ये टायगर वूड्सने तिथे एका फटक्यात चेंडू होलमध्ये घातला, ते दादाला कालच्यासारखं आठवतं. मी त्याला म्हटलं, ते स्टँड तात्पुरते असतात, स्पर्धेनंतर उतरवतात. गर्दीशिवाय तो एक साधा पार-३ आहे, आणि मोसमात फी चारशे डॉलरच्या पुढे जाते. त्याऐवजी ट्रून नॉर्थचा मॉन्युमेंट कोर्स घेऊ. तो आणि स्टेडियम कोर्स, दोन्ही टॉम वाइस्कॉफ आणि जे मॉरिश या एकाच जोडीचे. पण ट्रून नॉर्थ पिनॅकल पीकच्या पायथ्याशी, प्रचंड गोल शिळांमधून वळत जातो, आणि एका होलवर तर ज्या शिळेवरून कोर्सचं नाव पडलं ती फेअरवेमध्येच उभी आहे. डोंगर आणि वाळवंट एकत्र बघायचं तर तिथेच.

"स्टँड नसलं तरी मला दिसेल गं ते," दादा म्हणाला. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस इतक्या लांबून येतोय, रात्री जागून पाहिलेल्या होलवर एकदा उभं राहावंसं त्याला वाटतं, हे मला पूर्ण समजतं. त्यामुळे असं ठरलंय की दोन्हीकडचे दर रोज बघायचे. ते विमानाच्या तिकिटासारखे वर-खाली होत राहतात. स्टेडियमचा दुपारचा शेवटचा टी टाइम आवाक्यात आला तर दादा आणि नवरा तिथे जातील, आणि मी व वहिनी पिनॅकल पीकच्या पायवाटेवर. नाही आला तर सगळे ट्रून नॉर्थला. वी-को-पाचं बुकिंग काल झालं. वहिनीच्या चालण्याविषयी फोन उद्या करते.